सेल्फ-हेल्पचं पुस्तक राबवायचं कसं? आठ आठवड्यांची पद्धत

मन सावरण्यासाठी आणलेलं पुस्तक बहुतेक जण कादंबरीसारखं वाचतात. शनिवारी सुरू केलं, रविवारी रात्री संपलं, सोमवारी थोडा हुरूप, गुरुवारी पुन्हा येरे माझ्या मागल्या. मग ‘या पुस्तकात काही दम नाही’ म्हणत दुसरं येतं. कपाटात अशी पाच-सहा पुस्तकं जमतात आणि ‘माझ्यावर कशाचाच परिणाम होत नाही’ अशी एक नवी खंत त्यांच्या शेजारी येऊन बसते.

पुस्तक वाईट असल्यामुळे हे क्वचितच घडतं. नैराश्य, काळजी, भिडस्तपणा, राग यांवरच्या चांगल्या पुस्तकांत वाचण्याचा भाग थोडा असतो, उरलेला करण्याचा. आपण नेमका तोच ‘नंतर करू’ म्हणून ओलांडतो. खालची पद्धत एक पुस्तक ८ आठवडे राबवण्यासाठी आहे. त्यासाठी लागेल एक पुस्तक (एकच), २०० पानी रेघांची वही, पेन आणि आठवड्याला साधारण साडेतीन तास.

## पायरी १ : पुस्तक पुरेल का, ते आधी तपासा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात महाग पडणाऱ्या चुका इथेच होतात.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची आणि काळजीसाठी जीएडी-७ ही ७ प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टर आणि समुपदेशक सर्रास वापरतात. दोन्हींची मराठी रूपं उपलब्ध आहेत. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. प्रत्येक उत्तराला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण. पीएचक्यू-९ ची बेरीज २७ पर्यंत जाते, जीएडी-७ ची २१ पर्यंत. दोन्ही भरा, तारीख घाला, वहीच्या पहिल्या पानावर बेरीज लिहा.

बेरीज १० च्या खाली असेल तर पुस्तकापासून सुरुवात करायला हरकत नाही. १० ते १४ असेल तर पुस्तकासोबत समुपदेशक हवा. १५ किंवा त्याहून जास्त असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, पुस्तक नंतर. या अवस्थेत एकाग्रताच टिकत नाही. तीच तीन पानं चौथ्यांदा वाचूनही डोक्यात काही शिरत नाही आणि माणूस त्याचा दोष स्वतःला देतो.

थांबा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ० सोडून काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी माणसाशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटत असेल तर फोनवर थांबू नका. घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

आणखी काही परिस्थितींत पुस्तकावर विसंबू नये : कुणी नसताना आवाज ऐकू येणं, आपल्याविरुद्ध कट चाललाय अशी ठाम खात्री, दिवसचे दिवस झोपेविना प्रचंड उत्साह, बाळंतपणानंतरच्या वर्षात आलेली उदासी, आणि रोजची दारू. शेवटच्या बाबतीत तर पुस्तक वाचून एका रात्रीत दारू बंद करणं धोक्याचं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याला अचानक थांबल्यावर थरथर सुटते, कधी फिट येते. दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची.

थकवा आणि निरुत्साह हीच मुख्य तक्रार असेल तर फॅमिली डॉक्टरांना विचारून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. हिमोग्लोबिन घसरलेलं असताना सकारात्मक विचारांची पारायणं करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कुठे जायचं? ठाणे-नवी मुंबईपुरतं सांगायचं तर, ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. नाव ऐकून लोक दचकतात, पण तिथे तपासून घेणं म्हणजे दाखल होणं नव्हे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे. समुपदेशनासाठी ठाण्यातली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था जुनीजाणती आहे. नवी मुंबईकरांनी महापालिकेच्या वाशीच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी.

तपासणी : मानसोपचाराच्या गोळ्या आधीपासून सुरू आहेत? पुस्तक सुरू केलं म्हणून एकही गोळी कमी करायची नाही. नैराश्यावरची बरीच औषधं एकदम बंद केली की चक्कर, मळमळ, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होतात आणि माणसाला वाटतं, पुस्तकानेच बिघडवलं.

## पायरी २ : अडचण एका वाक्यात लिहा

‘मला सुधारायचंय’, ‘आत्मविश्वास हवाय’, ‘टेन्शन जात नाही’ ही वाक्यं पुस्तक निवडायला निरुपयोगी आहेत. वाक्यात तीन गोष्टी हव्यात : काय होतं, कधी किंवा कुठे होतं, आणि त्यामुळे काय अडतं.

‘रात्री अंथरुणाला पाठ टेकली की उद्याच्या कामाचे विचार सुरू होतात, दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळची ७.४० ची गाडी चुकते.’ हे वाक्य चाललं.

‘सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा ऑफिसात कुणी काम सांगितलं की नाही म्हणता येत नाही आणि रविवार त्यातच जातो.’ हेही चाललं.

दोन-तीन अडचणी असतील तर सगळ्या लिहा आणि एकीभोवती गोल करा. सर्वांत मोठीभोवती करू नका. आठ आठवड्यांत थोडी तरी हलेल अशी निवडा.

## पायरी ३ : पुस्तक निवडा, पण विकत घेण्याआधी चाळून

ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात एक सकाळ घालवा, तीन-चार पुस्तकं समोर घ्या. प्रत्येकाला दहा मिनिटं पुरतात.

अनुक्रमणिका पाहा. तुमच्या वाक्यातली अडचण तिथे जवळपास त्याच शब्दांत दिसते का? मग मधलंच कुठलंतरी प्रकरण उघडा. त्यात करायला काही दिलंय का, म्हणजे तक्ता, प्रश्न, आठवड्याचं काम? सलग तीन प्रकरणांत नुसत्या यशकथा असतील तर ते पुस्तक तासाभराच्या हुरुपापुरतं आहे. ज्यांना हुरूपच हवाय त्यांनी ते जरूर वाचावं, त्यात वाईट काही नाही, पण ही पद्धत त्याला लागू नाही.

लेखक कोण, हे मलपृष्ठावर पाहा : मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ की फक्त वक्ता? आणि ‘तज्ज्ञांकडे कधी जावं’ हे पुस्तकात कुठे तरी सांगितलंय का? ज्याला आपल्या उपचाराची मर्यादा माहीत असते तो लेखक ती सांगतो. ‘२१ दिवसांत आयुष्य बदला’ छापाची हमी किंवा औषधं सोडण्याचा सल्ला दिसला की पुस्तक जागच्या जागी ठेवून द्या.

शेवटची चाचणी भाषेची. एक पान हळू आवाजात वाचून पाहा. एकेक वाक्य दोनदा वाचावं लागत असेल तर तो अनुवाद तुमच्या कामाचा नाही, मग मूळ पुस्तक कितीही गाजलेलं असो. तुम्ही स्वतःला मनातल्या मनात ज्या भाषेत रागावता, त्या भाषेतलं पुस्तक घ्या. काहींसाठी ती मराठी असते, काहींसाठी ऑफिसातली धेडगुजरी. वही मात्र ज्या भाषेत विचार येतो त्याच भाषेत, जशीच्या तशी लिहायची.

वाचनालयाचं पुस्तक निवडीपुरतं ठीक आहे. आठ आठवडे ते ठेवता येत नाही आणि त्यात खुणा करणं बरं नव्हे, म्हणून पसंत पडलेली प्रत विकत घ्या. स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरची नकली प्रत टाळा. तिच्यात नेमकी तक्त्यांची पानंच पुसट छापलेली किंवा गायब असतात.

थांबा. पद्धतींची खिचडी करू नका. एरन बेक यांच्या बोधात्मक वर्तन उपचारात (सीबीटी) पहिला प्रश्न असतो : ‘हा विचार खरा आहे का, पुरावा काय?’ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारात प्रश्न वेगळा : ‘समजा खरं निघालं, तरी ते असह्यच आहे का?’ दोन्ही वाटा चालतात. पण एका विचाराला दोन्ही प्रश्न एकदम लावले की वहीत वाद वाढतो आणि निकाल लागत नाही. आठ आठवडे एकच वाट.

## पायरी ४ : जागा, वेळ, वही

ठाणे ते वाशी ट्रान्स हार्बर लोकलला अर्धा तास लागतो आणि अनेकांचं सगळं वाचन तेवढ्यातच होतं. बसायला जागा मिळाली तर पहिल्या वाचनाला हरकत नाही. लिखाण मात्र गाडीत होत नाही. ऐरोली-रबाळेच्या गर्दीत एका हाताने कडी धरून कुणी भावनांचे तक्ते भरत नाही, आणि शेजारचा वहीत डोकावत असेल तर खरं कधीच लिहिलं जात नाही. म्हणून दोन वेळा वेगळ्या ठरवा : वाचनाची आणि लिखाणाची. लिखाणाला आठवड्यातून चार वेळा २०-२५ मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, टेबलावर. पलंगावर नको. तिथे एकतर झोप येते, नाहीतर काळजी.

वन बीएचकेत एकांत मिळत नाही ही खरी अडचण आहे. सगळे उठायच्या आधीचा अर्धा तास, ऑफिस सुटल्यावर कॅन्टीनचं रिकामं टेबल किंवा वाचनालयातली वाचनखोली यांपैकी एक निवडा. वही घरात उघडी राहणार असेल तर माणसांची नावं लिहू नका, अक्षरं वापरा, आणि ती ऑफिसच्या बॅगेतच राहू द्या. कुणी वाचेल या भीतीने लोक वहीतसुद्धा शहाण्यासारखं लिहितात आणि तिथेच सगळा खेळ संपतो.

## पायरी ५ : एक आठवडा, एक प्रकरण, दोन वाचनं

पहिलं वाचन सलग, पेन न घेता. दुसरं दोन दिवसांनी, पेन घेऊन. दुसऱ्या वाचनात फक्त तीन गोष्टींवर खूण करायची : जे माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं (बरोबरची खूण), जे पटलं नाही (फुली), जे करून पाहायचंय (गोल). आठवड्याला गोल जास्तीत जास्त दोन.

पटलं नाही तिथली फुली महत्त्वाची आहे. लाजून ती गाळू नका. चौथ्या आठवड्यात असं दिसतं की अर्ध्या फुल्या पुस्तकाच्या दोषामुळे नसून तिथे आपली दुखरी नस असल्यामुळे पडलेल्या होत्या.

ओळीच्या ओळी रंगवणं हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. पिवळं झालेलं पान पाहून काम झाल्याचं समाधान मिळतं, काम जागच्या जागी राहतं. सुविचार कापून फ्रिजवर लावणंही त्यातलंच. ऑडिओबुक ऐकत असाल तर तेही पहिलं वाचनच धरा. दुसरं डोळ्यांनी करा.

तपासणी : आठवड्याचं काम झालं नसेल तर पुढचं प्रकरण उघडायचं नाही. तेच प्रकरण आणखी एक आठवडा. आठाचे दहा आठवडे झाले तरी चालतील.

## पायरी ६ : व्यायाम करा

खरी मेहनत इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. पुस्तकं वेगवेगळी असली तरी व्यायाम बहुधा चार-पाच प्रकारचेच असतात.

### विचारांची नोंद

वहीचं पान आडवं धरा आणि सात रकाने आखा : घटना, भावना व तिची तीव्रता (० ते १००), मनात आलेलं वाक्य, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, पर्यायी वाक्य, पुन्हा तीव्रता.

पहिली चूक पहिल्याच रकान्यात होते. ‘साहेबांनी सगळ्यांसमोर अपमान केला’ ही घटना नाही, तो अर्थ आहे. ‘कॉलवर साहेब म्हणाले, तक्त्यात दोन आकडे चुकलेत, पुन्हा पाठवा’ ही घटना. कसोटी सोपी आहे : मोबाईलचा कॅमेरा जेवढं टिपेल तेवढंच घटनेच्या रकान्यात.

दुसरी चूक खास मराठीतली. ‘वाटणं’ हे आपलं क्रियापद भावना आणि मत दोन्ही पोटात घेतं. ‘मला भीती वाटते’ ही भावना, पण ‘मला वाटतं की मी कुचकामी आहे’ हे मत. म्हणून भावनेच्या रकान्यात वाक्यं येऊन बसतात आणि सगळा तक्ता घसरतो. भावना एका शब्दात लिहा : भीती, राग, लाज, दुःख, मत्सर, अपराधीपणा. ‘वाटतं’नंतर ‘की’ आलं की तो मजकूर पुढच्या रकान्यात ढकला.

तिसरी : मनातलं वाक्य प्रश्नाच्या रूपात लिहिणं. ‘माझ्याच नशिबी हे का?’ याला पुरावा कसला शोधणार? त्याचं विधान करा : ‘वाईट ते माझ्याच बाबतीत घडतं.’ आता बाजूचा आणि विरुद्ध असा दोन्ही पुरावा मांडता येतो.

पर्यायी वाक्य गोड नको, खरं हवं. ‘सगळं छान होईल, मी सर्वोत्तम आहे’ यावर तुमचा स्वतःचाच विश्वास बसत नाही, मग तीव्रता उतरणार कशी? ‘दोन आकडे चुकले. गेल्या महिन्यातले तीन तक्ते पहिल्याच फेरीत गेले होते. साहेबांनी दुरुस्ती मागितली, बाकी काही म्हणाले नाहीत.’ हे कोरडं आहे, पण ८० वरची लाज ५० वर आणायला एवढं पुरतं. शून्यावर आणायची अपेक्षाच ठेवू नका. वीस-तीस गुणांनी उतरली म्हणजे नोंद जमली.

पुस्तक विवेकनिष्ठ पद्धतीचं असेल तर पुराव्याच्या दोन रकान्यांऐवजी एक काम करा : मनातल्या वाक्यातला ‘च’ शोधा. ‘मला मान मिळायलाच हवा’, ‘मुलांनी ऐकलंच पाहिजे’. आग्रहाचा हट्ट होतो तो बहुतेक वेळा या एका अक्षरात. ‘च’ खोडा आणि वाक्य पूर्ण करा : ‘मुलांनी ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे. नाही ऐकलं तर वाईट वाटेल, पण मला ते सोसता येईल.’ मागणी इच्छेवर आली की राग नाराजीवर येतो.

नोंद केव्हा करायची? ऐन भडक्यात नको. तीव्रता ७० च्या आसपास उतरल्यावर, पण त्याच दिवशी. आठवड्याला ३-४ नोंदी पुरेत. रोज दहा-दहा नोंदी लिहिणारे बहुधा तेच दुःख नव्या पानावर उगाळत असतात. लिहून झाल्यावर तीव्रता वाढलेली दिसली आणि हे सलग तीनदा झालं, तर हा व्यायाम थांबवा आणि खालच्याकडे वळा.

### कृतींचं वेळापत्रक

उदासीनतेत हाच व्यायाम आधी करावा, विचारांची नोंद नंतर. मूड आला की करेन, असं आपण म्हणतो. नैराश्यात क्रम उलटा असतो : आधी कृती, मूड मागाहून, तोही थोडा.

दहा छोट्या कृतींची यादी करा, तीन प्रकारांत : हातावेगळं करायचं काम (वीजबिल, इस्त्रीचे कपडे), बरं वाटणारं काही (तलावपाळीला एक फेरी, आवडीचं गाणं), आणि माणसं (मावशीला फोन, जुन्या मित्राबरोबर चहा). प्रत्येक कृती १० ते २० मिनिटांत संपणारी हवी. ‘रोज सकाळी येऊरच्या डोंगरापर्यंत चालायचं’ हा संकल्प पहिल्या आठवड्यातच धारातीर्थी पडतो. ‘मंगळवारी सायंकाळी ७.१० ला सोसायटीभोवती दोन फेऱ्या’ टिकतो.

दिवस आणि वेळ लिहा. करण्यापूर्वी अंदाज लिहा की किती बरं वाटेल (० ते १०), केल्यावर खरा आकडा लिहा. बरेचदा अंदाज २ आणि खरा आकडा ४ निघतो. पुस्तकातल्या शंभर वाक्यांपेक्षा ही तफावत स्वतःच्या अक्षरात पाहणं उपयोगी पडतं.

बाहेरच्या प्रत्येक कृतीला जोडकृती हवीच. जुलैत उपवन तलावाची फेरी किंवा वाशीचा मिनी सीशोअर पावसात वाहून जातो आणि माणूस म्हणतो, ‘बघा, माझं काहीच धड होत नाही.’ ‘पाऊस असेल तर जिन्यात चार मजले चढ-उतार’ हे आधीच लिहिलेलं असावं.

### काळजीची ठरलेली वेळ

दिवसभर काळजी करणाऱ्यांसाठी. रोज २० मिनिटं, ठरलेल्या वेळी (समजा, संध्याकाळी साडेसातला), ठरलेल्या खुर्चीत, झोपेच्या किमान दोन तास आधी. दिवसा काळजी आली की एका ओळीत टिपायची आणि ‘साडेसात’ असं म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. साडेसातला यादी घेऊन बसायचं. प्रत्येक ओळीपुढे ‘हातात आहे’ किंवा ‘नाही’. हातात असेल तर उद्याचं एक पाऊल लिहायचं. नसेल तर ओळ तशीच सोडायची. वीस मिनिटं झाली की उठायचं, यादी अर्धी राहिली तरी.

पहिले चार-पाच दिवस हे हास्यास्पद वाटतं आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक ते सोडतात. दुसरा आठवडा उजाडू द्या.

### भीतीची शिडी

टाळाटाळीवरचा हा व्यायाम. समजा गर्दीच्या लोकलची भीती आहे. पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीला भीतीचे गुण द्या : दुपारी फलाटावर १५ मिनिटं उभं राहणं (३०), दुपारच्या गाडीने ठाणे ते ऐरोली (४५), दुपारीच ठाणे ते वाशी (५५), सकाळी अकराला वाशी (७०), सकाळी नऊला (९०). सुरुवात ३०-४० पासून. एक पायरी दोन-तीनदा करून भीती निम्म्यावर आली की पुढची.

भीती उतरायच्या आत पळ काढला तर मेंदू शिकतो की सुटकेमुळे वाचलो. म्हणून थांबा, भीती आपणहून उतरेपर्यंत. आणि कुबड्या काढून टाका : सतत फोनवर कुणाशी तरी बोलत राहणं, दाराजवळच उभं राहणं, हातात पाण्याची बाटली घट्ट धरणं. कुबडीसह केलेला प्रवास हिशेबात धरत नाहीत.

थांबा. छातीत दुखणं किंवा धाप लागणं पहिल्यांदाच होत असेल तर त्याला घबराट ठरवण्याआधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. आणि अत्याचार, अपघात, जवळच्याचा आकस्मिक मृत्यू अशा आघाताच्या आठवणींवर ही शिडी एकट्याने वापरू नका. ते काम तज्ज्ञासमोरच करायचं.

### संथ श्वास

चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. ‘खोल श्वास घ्या’ या सल्ल्याने लोक भराभर छाती भरून घेतात आणि मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. खोलपेक्षा संथ महत्त्वाचं. शांत असताना दोन आठवडे सराव केल्याशिवाय घबराटीत तो हाताशी येत नाही.

## पायरी ७ : सोबतीला एक माणूस

एकट्याने पुस्तक राबवण्यापेक्षा कुणाच्या तरी सोबतीने राबवलं तर फायदा जास्त होतो आणि अर्ध्यात सोडणारे कमी होतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत सौम्य नैराश्यासाठी असंच, प्रशिक्षित माणसाच्या ६ ते ८ भेटींसह, पुस्तक दिलं जातं. समुपदेशक परवडत असेल तर महिन्याला दोन भेटी ठेवा आणि वही सोबत न्या.

नसेल तर बहीण, मित्र, शेजारच्या काकू, कुणीही. अट एवढीच की अडचण ज्या माणसाशी निगडित आहे तो माणूस नको. सासूवरच्या रागाच्या नोंदी नवऱ्याला वाचून दाखवू नयेत. आठवड्यातून एकदा १५ मिनिटं फोन. त्या माणसाने तीनच प्रश्न विचारायचे : काय करायचं ठरलं होतं? किती झालं? पुढच्या आठवड्यात काय? ‘एवढं काय मनावर घ्यायचं?’ किंवा ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ ही वाक्यं बंदी घातल्यासारखी टाळावी, हे त्याला पहिल्याच फोनवर सांगून ठेवा.

## पायरी ८ : मोजा आणि चौथ्या आठवड्यात निर्णय घ्या

पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ दर दोन आठवड्यांनी, त्याच वारी भरा. रोज भरून उपयोग नाही. मन रोज हलतंच, आणि रोजचा आकडा पाहणं हीच नवी काळजी होऊन बसते.

पीएचक्यू-९ ची बेरीज ५ किंवा अधिक गुणांनी उतरली तर ती खरी सुधारणा मानतात. दोन-तीन गुणांची चढउतार सोडून द्या. बेरीज मुळातच कमी असेल तर आकड्यापेक्षा पायरी २ चं वाक्य पुन्हा वाचा : ७.४० ची गाडी आठवड्यात किती वेळा मिळाली?

चौथ्या आठवड्यात तीनपैकी एक दिसेल. आकडे उतरतायत : पुढे चला. आकडे तिथेच आहेत : आधी वही उघडा आणि केलेली कामं मोजा. निम्म्याहून कमी झाली असतील तर पुस्तक बदलू नका, कामाचा आकार निम्मा करा. कामं झाली आणि तरी फरक नाही, किंवा आकडे चढतायत : समुपदेशकाची वेळ घ्या आणि वही घेऊन जा. चार आठवड्यांच्या नोंदी पाहून त्यांचं काम पहिल्याच भेटीत बरंच पुढे जातं.

पी हळद आणि हो गोरी, ही घाई पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असते. त्या काळात पुस्तकावर निकाल देऊ नका.

तपासणी : वाचनच टाळाटाळ झालंय का? लक्षणं : काळजीवर एकाच वेळी तीन पुस्तकं उघडी, रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ, नव्या नव्या आजारांची नावं स्वतःला चिकटवणं, तेच पान दिलाशासाठी पुन्हा पुन्हा वाचणं. मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा) असणाऱ्यांना हा धोका जास्त. दिलाशासाठीचं वाचन त्यांच्यात हात धुण्यासारखंच होऊन बसतं. असं दिसलं तर आठवडाभर वाचन पूर्ण बंद, फक्त व्यायाम.

## पायरी ९ : पुस्तक संपल्यावरचं एक पान

वहीच्या शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहा. मला उपयोगी पडलेले दोन व्यायाम. त्रास परत येतोय याच्या माझ्या पहिल्या तीन खुणा (‘मित्रांचे फोन घेत नाही’, ‘दाढी दोन दिवसाआड’, ‘रात्री दोनपर्यंत मोबाईल’ अशा बाहेरून दिसणाऱ्या). त्या दिसल्या की पहिल्या ४८ तासांत काय करायचं. आणि कुणाला फोन करायचा, नाव व क्रमांकासह, त्यात १४४१६ हाही.

या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि सोबतच्या माणसालाही पाठवा, कारण त्या खुणा आपल्याआधी त्याला दिसतात.

नवं पुस्तक किमान चार आठवडे आणायचं नाही. त्या काळात निवडलेले दोन व्यायाम आठवड्यातून दोनदा करा, आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी प्रश्नावल्या पुन्हा भरा. बेरीज टिकली असेल तर पायरी २ वर जा आणि यादीतल्या दुसऱ्या अडचणीभोवती गोल करा.